व्हिएन्नात हॉयरिगरला जाताय? आधी काय बघायचं, कुठल्या क्रमाने मागवायचं आणि लोक कुठे फसतात

व्हिएन्नाला येणारे आपले बरेच लोक हौसेने हॉयरिगरला जातात आणि मग तक्रारी ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं गेटच बंद होतं, कोणी म्हणतं अर्धा तास बसलो पण जेवणाची ऑर्डर घ्यायला कोणी आलंच नाही, आणि एखादा शाकाहारी बिचारा ब्रेडवरचं पांढरं लोणी समजून डुकराची चरबी खाऊन बसलेला असतो. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं, फक्त हे रेस्टॉरंट आहे असं समजून जाऊ नका.

हॉयरिगर म्हणजे द्राक्षमळेवाल्याने आपल्याच आवारात चालवलेली वाईनची जागा. शहराच्या कडेच्या वस्त्यांमधे साधी बैठी घरं, मोठं लाकडी गेट, आत खडी टाकलेलं अंगण, अक्रोडाचं नाहीतर चेस्टनटचं झाड, वर द्राक्षाचा मांडव आणि लाकडी बाकं. आजूबाजूचेच लोक येऊन बसलेले असतात. इथे कामाचा एक ठरलेला क्रम आहे, तो चुकला की संध्याकाळ चुकते.

१. आधी उघडं आहे का ते बघा (इथेच निम्मे लोक अडकतात)

छोटी, घरची हॉयरिगर वर्षभर उघडी नसतात. काही आठवडे उघडतात, मग बंद, मग परत उघडतात, कारण घरातलीच माणसं मळ्यातही काम करतात आणि संध्याकाळी वाईनही आणून देतात. उघडं असेल तेव्हा गेटवर देवदाराच्या जातीच्या झाडाच्या हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगलेला असतो आणि बरेचदा "आउसग्श्टेक्ट" (फांदी लावलीय, म्हणजे उघडं आहे) अशी पाटी असते. फांदी नाही तर बंद, मग आत कितीही दिवे दिसूदेत.

म्हणून हॉटेलमधून निघायच्या आधी त्या हॉयरिगरच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा, तिथे तारखांचं कॅलेंडर असतं, ते बघा. नुसत्या मॅपवरच्या वेळेवर विसंबू नका, ती वेळ उघड्या आठवड्यांची असते आणि बंद आठवड्यांत कोणी बदलत बसत नाही. साधारण दुपारी तीन-चारनंतर उघडतात, शनिवार-रविवारी बरीच ठिकाणं लवकर. डोंगरउतारावर थेट मळ्यातच टेबलं टाकलेली काही ठिकाणं असतात, ती तर फक्त हवा चांगली असेल तरच. आकाश भरून आलं असेल तर तिकडे चढून जायचा उत्साह दाखवू नका. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर बागेचा विषयच सोडा, आत बसायची तयारी ठेवा.

*चेक:* कॅलेंडरमधे आजची तारीख आहे? हवा ठीक आहे? आणि शेजारचं अजून एक नाव पर्याय म्हणून लिहून घेतलंय? मग पुढे.

२. कुठल्या भागात जायचं

सगळ्या टूरवाल्यांना ग्रिंत्सिंग माहितीये. शॉटनटोरहून ३८ नंबरची ट्राम पकडली की शेवटच्या स्टॉपला उतरायचं, एवढं सोपं. पण बसभर लोक आणून ठरलेलं जेवण आणि ठरलेली गाणी असलेल्या जागाही तिथेच जास्त आहेत. ग्रिंत्सिंगमधे चांगलं काही नाही असं नाही, पण गेटबाहेर टूरच्या बसेस उभ्या असतील आणि फोटोंचा मेन्यू पाच भाषांत लावलेला असेल तर मी तरी पुढे चालायला लागेन.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी यातलं एक निवडावं:

- नुसडॉर्फ: डी ट्रामचा शेवटचा स्टॉप, सेंटरमधून सरळ येते. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर हे बरं, फार चालावं लागत नाही.
- नॉयश्टिफ्ट आम वाल्डे: श्पिटलाउला मेट्रोच्या यू-४ किंवा यू-६ लाईनने जा, तिथून ३५ए बस. एका रस्त्यावर ओळीने हॉयरिगर आहेत, त्यामुळे एक बंद निघालं तर पुढचं उघडं सापडायची शक्यता चांगली.
- श्टामर्सडॉर्फ: डॅन्यूबच्या पलीकडे, शॉटनरिंगहून ३१ ट्राम, थेट शेवटपर्यंत. लांब आहे पण लोकल गर्दी.
- माउअर: शहराच्या दक्षिण-पश्चिमेला, ६० नंबरची ट्राम. पर्यटक त्या मानाने कमी.

चालायची आवड असेल तर हायलिगनश्टाटहून ३८ए बसने वर कालनबर्गला जा आणि तिथून मळ्यांमधून खाली नुसडॉर्फपर्यंत उतरत या. उलटं करू नका, म्हणजे आधी वाईन आणि मग चढ, असं करणारे महाभाग पाहिलेत.

ही सगळी ठिकाणं व्हिएन्ना शहराच्या एकाच झोनमधे येतात, त्यामुळे शहराचं साधं तिकीट किंवा दिवसाचा पास चालतो. गुम्पोल्ड्सकिर्शनचं नाव पण तुम्हाला कोणीतरी सुचवेल, ते शहराबाहेर आहे, तिथे वेगळं तिकीट लागतं.

*सावध:* कागदी तिकीट असेल तर पंच केल्याशिवाय प्रवास करू नका. तिकीट खिशात असलं तरी पंच नसेल तर दंड होतो.

३. निघण्याआधीची तयारी

कॅश घ्या. छोट्या ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही आणि त्या वस्त्यांमधे एटीएम कोपऱ्याकोपऱ्यावर नसतं.

शाल किंवा जॅकेट घ्या, मे-जूनमधे सुद्धा. आपल्याकडची मंडळी मेच्या सुट्टीत येतात, दिवसा ऊन बघून टीशर्टवर निघतात आणि नवाच्या सुमाराला मळ्याकडून गार वारा सुटला की कुडकुडत बसतात. मेच्या मध्यात तर इथे थंडीची एक लाट हमखास येते असं लोक धरूनच चालतात. बूट सपाट तळाचे, कारण अंगणात खडी आणि बाहेर दगडी रस्ता.

चार-पाच जणांपेक्षा जास्त असाल किंवा शनिवार-रविवार असेल तर फोन करून टेबल ठेवायला सांगा, इंग्लिश बहुतेक ठिकाणी चालतं. फोनवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा: टेबल बागेत आहे का, आणि पाऊस आला तर आत जागा मिळेल का. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग सरीत छत्री धरून प्लेट सांभाळत बसायची वेळ येते.

घरच्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की चहा मिळणार नाही. अगदी पारंपरिक ठिकाणी कॉफी आणि बियर सुद्धा नसते, स्वतःची वाईन, द्राक्षाचा रस, सोडा-पाणी, बास. मोठ्या, रेस्टॉरंटचं लायसन्स असलेल्या ठिकाणी सगळं मिळतं. आणि बॅगेतून चिवड्याची पुडी काढायची असेल तर आधी विचारा, काही जुन्या जागा स्वतःचं खाणं आणू देतात, पण बऱ्याच देत नाहीत.

४. आत शिरल्यावर: आधी टेबल, मग बाकी सगळं

दारात उभं राहून कोणी बसवायला येईल याची वाट बघू नका. रिकामं टेबल बघा, त्यावर "रेझर्व्हिएर्ट"ची पाटी नाही ना ते बघा आणि बसा. रिकामं टेबल नसेल तर ज्या मोठ्या टेबलावर जागा आहे तिथल्या लोकांना विचारायचं, "इस्ट दा नॉख फ्राय?", म्हणजे इथे जागा रिकामी आहे का? अनोळखी लोकांबरोबर टेबल शेअर करणं इथे अगदी नॉर्मल आहे. न विचारता बसणं मात्र उद्धट वाटतं.

आत धूम्रपान बंद आहे पण बागेत चालतं. बरोबर लहान मूल असेल तर शेजारी अ‍ॅशट्रे आहे का बघून टेबल निवडा.

*चेक:* टेबल मिळालं, एक माणूस कायम टेबलावर बसणार हे ठरलं. सगळे एकदम बुफेला गेलात तर टेबल जायची तयारी ठेवा.

५. वाईन टेबलावर मागवायची

पेयं वेटर आणून देतो, खाणं आपण जाऊन आणायचं. ही एकच ओळ लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. पाणी आणि वाईनची पहिली ऑर्डर झाली की मगच बुफेकडे निघा.

मापं समजून घ्या, नाहीतर दुसऱ्या ग्लासानंतर गडबड होते. "आख्टल" म्हणजे १२५ मिली. "फीर्टल" म्हणजे २५० मिली, हा बरेचदा कानवाल्या जाड ग्लासात येतो आणि बघायला निरुपद्रवी वाटतो. हिशोब करा: १२ टक्क्यांच्या वाईनचा एक फीर्टल म्हणजे ३० मिली शुद्ध अल्कोहोल, आणि आपला ६० मिलीचा लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे साधारण २५.७ मिली. म्हणजे "वाईनच तर आहे" म्हणत तुम्ही तीन फीर्टल घेतलेत तर साडेतीन लार्ज झाले, आणि ते सुद्धा उन्हात बसून, रिकाम्या पोटी. मग ट्राममधे झोप लागणारच ना.

म्हणून सुरुवात "वाइसर श्प्रित्सर"ने करा, अर्धी व्हाईट वाईन अर्धा सोडा, लोकल माणसं उन्हाळ्यात हेच पितात आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. ग्रुप असेल तर अर्धा किंवा एक लिटर वाईनचा जग आणि सोडा वेगळा मागवा आणि टेबलावरच ज्याला हवं तसं मिसळा, स्वस्त पण पडतं.

काय मागवायचं हा प्रश्न असेल तर "गेमिश्टर झात्स" मागवा. एकाच मळ्यात एकत्र लावलेल्या, एकत्र तोडलेल्या आणि एकत्रच आंबवलेल्या पांढऱ्या द्राक्षांची ही वाईन, किमान तीन जाती लागतात आणि कुठलीही एक जात निम्म्याहून जास्त चालत नाही, २०१३ पासून व्हिएन्नाच्या या वाईनला डीएसी असा दर्जा आहे, म्हणजे ठरलेल्या भागाची, ठरलेल्या नियमांनी केलेली वाईन. ज्यांना जरा तिखट, मिरमिरीत चव आवडते त्यांनी ग्रूनर फेल्टलिनर ही पांढरी वाईन घ्यावी. वाईन लिस्ट चाळत, ग्लास फिरवत, वास घेत बसायची इथे गरज नाही, "आइन आख्टल गेमिश्टर झात्स, बिट्टे" म्हणा की झालं.

न पिणाऱ्यांसाठी "ट्राउबनझाफ्ट", म्हणजे द्राक्षाचा रस. नुसता फार गोड असतो, "गेश्प्रित्स्ट" म्हटलं की सोडा घालून देतात. ही सोय असल्यामुळे आई-आजीला घेऊन जायला अजिबात हरकत नाही. साधं पाणी हवं असेल तर "लाइटुंग्सवासर" म्हणा. व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही. काही ठिकाणी नळाच्या पाण्याचेही थोडे पैसे लावतात, त्यावरून वाद घालू नका.

ऑस्ट्रियात वाईन-बियरला वय १६ पूर्ण लागतं. कॉलेजच्या मुलांनी ओळखपत्र जवळ ठेवा.

*सावध, सप्टेंबर-ऑक्टोबरवाल्यांसाठी:* त्या दिवसांत "श्टुर्म" मिळतो, अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड रस. सरबतासारखा लागतो म्हणून लोक भराभर पितात. त्यात अल्कोहोल आहे आणि तो पोटातही गडबड करतो. आख्टलवर थांबा. आणि या गोडाला गांधीलमाश्या येतातच, ग्लासावर कोस्टर ठेवायची सवय लावा, प्रत्येक घोटाआधी आत बघा.

६. बुफे: इथे शाकाहारी लोकांनी नीट वाचा

बुफे म्हटलं की आपल्या डोक्यात अनलिमिटेड येतं. इथे तसं नाही. काउंटरमागे माणूस उभा असतो, आपण बोट दाखवायचं, तो प्लेटमधे काढतो आणि बऱ्याच गोष्टी वजनावर विकतात, आपण दुकानात फरसाण तोलून घेतो तशा. वजन "देका"त सांगतात. एक देका म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे "त्सेन देका" म्हटलं की १०० ग्रॅम. नुसतं "थोडं हे, थोडं ते" करत सहा पदार्थांवर बोट दाखवलंत तर तराजू बघून धक्का बसेल. पाटीवरचा भाव पूर्ण प्लेटचा आहे की १० देकाचा ते आधी वाचा.

आता शाकाहाराचं. बऱ्याच गोष्टी शाकाहारी दिसतात, असतातच असं नाही:

- पांढरं, लोण्यासारखं ब्रेडवर लावलेलं "श्माल्त्स" ही डुकराची चरबी. "ग्रामलश्माल्त्स" म्हणजे त्यातच तळलेले तुकडे. "फेअरहाक्टेस" म्हणजे बारीक केलेलं बेकन. तिन्ही टाळा.
- बटाट्याचं सॅलड, सगळ्यात फसवं हेच. व्हिएन्नाच्या पद्धतीत त्यात बरेचदा बीफचं सूप घालतात. दिसत काहीच नाही. बीफ न खाणाऱ्यांनीही हे विचारायलाच हवं.
- कोबीचं गरम सॅलड आणि मसूर: त्यात "श्पेक", म्हणजे बेकनचे तुकडे असायची शक्यता खूप.
- "लिप्टाउअर", लाल-केशरी चीजचं स्प्रेड, पाप्रिका घातलेलं. आपल्या जिभेला सगळ्यात जवळचं. पण काही घरांत त्यात अँचोव्ही मासा घालतात.

नुसतं "फेगेटारिश?" विचारून थांबू नका, कारण समोरचा मनापासून हो म्हणेल आणि त्याच्या लेखी बेकनचे चार तुकडे म्हणजे काही मटण नव्हे. सरळ विचारा: "ओहने फ्लाइश? ओहने श्पेक? ओहने झुपे?" म्हणजे मांस, बेकन आणि सूप नको. फोनमधे हे जर्मनमधे लिहून दाखवलंत तर अजून चांगलं.

बिनधास्त काय घेता येतं: भोपळ्याच्या बियांचं स्प्रेड, चीजची प्लेट, काकडी-टोमॅटो, लोणच्याची काकडी, काळा ब्रेड, अंडं चालत असेल तर अंड्याचं स्प्रेड, आणि असेल तर ब्रेडक्रम्समधे तळलेलं चीज किंवा मशरूम (कशात तळलंय हे विचारून). शेवटी सफरचंदाचा नाहीतर पनीरसारख्या टोपफेनचा श्ट्रुडेल, म्हणजे पातळ पारीत सारण गुंडाळून भाजलेला गोड पदार्थ. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेल्यांनी मात्र जेवून जावं हे बरं, चीज-ब्रेडवर पोट भरत नाही आणि उगाच चिडचिड होते.

मांसाहारींना अडचण नाही, भाजलेलं डुकराचं मांस आणि सॉसेज भरपूर. फक्त काळपट दिसणारं "ब्लुन्त्सन" हे रक्ताचं सॉसेज आहे, माहिती असून घ्या.

बुफेचे पैसे बरेचदा तिथेच लगेच द्यायचे असतात, वाईनच्या बिलात ते येत नाहीत. काटे-चमचे-नॅपकिन पण तिथूनच उचला.

*चेक:* वजन सांगितलं? श्पेक आणि सूप विचारलं? काटे घेतले? पावती घेतली?

७. बसल्यावरच्या बारीकसारीक गोष्टी

चिअर्स करताना, "प्रोस्ट" म्हणताना, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, ग्लासाकडे नाही. हे इथे खरंच पाळतात.

व्हायोलिन-अकॉर्डियनवाले टेबलापाशी येऊन वाजवायला लागले तर ते फुकट नाही. ऐकायचं असेल तर ऐका आणि पैसे द्या, नको असेल तर पहिल्याच सुराला हसून नको म्हणा. गाणं संपल्यावर नजर चुकवणं वाईट दिसतं.

आवाज. हे सांगायला मला संकोच वाटतो पण सांगतो, दहा-बारा जणांचा ग्रुप झाला की आपला आवाज चढतो, आणि भिंतीपलीकडे लोकांची घरं आहेत, त्यांना सकाळी ऑफिस आहे. ब्लूटूथ स्पीकर तर नकोच नको.

दर फीर्टलमागे एक ग्लास पाणी, आणि खाणं दोन हप्त्यांत आणा. लोक इथे तीन-चार तास बसतात, वेटर बिल आणून तुम्हाला उठवणार नाही.

८. बिल

बिल मागितल्याशिवाय येत नाही. "त्सालन, बिट्टे" म्हणा. तो पाकीट घेऊन टेबलाशीच येतो आणि विचारतो, एकत्र की वेगवेगळं, "त्सुझामन ओडर गेट्रेंट". वेगवेगळं सहज करून देतात, त्यामुळे "मी देतो, मी देतो" हा आपला कार्यक्रम तो येण्याआधीच उरकून घ्या.

टिप साधारण ५ ते १० टक्के, आणि ती टेबलावर ठेवून जात नाहीत. बिल २७.४० युरो झालं तर पैसे देतानाच "३०" म्हणायचं, तो ३० कापून बाकीचे परत देतो. लोक चूक करतात ती अशी की ५० ची नोट देतात, "थँक यू" म्हणतात आणि वेटर बाकीचे पैसे टिप समजतो. सुटे परत हवे असतील तर नोट हातात देताना आकडा बोला, थँक्यू नंतर.

९. परत जाणं आणि बाटली नेणं

गाडी भाड्याने घेतली असेल तर ती हॉटेलवरच राहूद्या. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारात अर्धा भाग) आहे, लायसन्स नवं असलेल्यांना ०.१, आणि वर सांगितलेल्या फीर्टलच्या हिशोबाने ती कधी ओलांडली हे कळतही नाही. सायकलला सुद्धा ०.८ ची मर्यादा आहे.

शेवटची ट्राम किती वाजता ते येतानाच स्टॉपवर बघून फोटो काढून ठेवा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री यू-बान (मेट्रो) रात्रभर चालते पण तिथपर्यंत पोचायला ट्राम किंवा बसच लागते, आणि ती मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते. नंतर रात्रीच्या बसेस असतात, कमी फेऱ्यांच्या.

वाईन आवडली तर बाटली तिथेच विकत मिळते, दुकानापेक्षा बरेचदा बऱ्या भावात. भारतात परतताना माणशी २ लिटरपर्यंत ड्युटी-फ्री आणता येते. बाटली चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून, मधोमध ठेवा, केबिन बॅगेत ती सिक्युरिटीलाच काढून घेतील. श्टुर्मची बाटली मात्र न्यायच्या भानगडीत पडू नका, तो आंबतच असतो म्हणून त्याचं झाकण मुद्दामच हवाबंद नसतं, आडवी झाली की सगळी बॅग भिजते.